नर्मदाबाईचा काढा

मसाजी चिंचेच्या खोडावरची टणक अळंबी कुऱ्हाडीनं ठोकून काढत होता. सत्कारासाठी पुसेगावात आलेली सुकन्या गाडीतून उतरली ती नेमकी त्याच्यापुढे. गळ्यातल्या गाठीसाठी त्याला उद्याच दवाखान्यात भरती व्हायचं होतं, हे तिला ठाऊक होतं.

"काका, उद्या जाताय ना?"

"काहून जाऊ? तुझी आत्या ह्याचाच काढा पिऊन उठली न्हवं."

या अळंबीतला एक घटक कर्करोगाच्या पेशी मारतो, हे सुकन्यानं प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं; आजचा सत्कार त्याचाच होता. पण त्या काचेच्या बशीतल्या पेशी. आता कुठे उंदरांची पाळी आली होती. माणसांचं नाव काढायला अजून कितीतरी वर्षं होती आणि तसं तिनं कर्करोग झालेल्या आत्याला, नर्मदाबाईला, बजावलंही होतं. तरी भावकीतल्या बायका रोज काढा आणायच्या, नर्मदाबाई पेला आत न्यायची आणि रिकामा परत द्यायची. तिचा रिपोर्ट चांगला आला, तसं गावानं सगळं श्रेय अळंबीच्या पदरात टाकलं. दवाखान्यातल्या इंजेक्शनांचं नाव कोणी घेईना. आत्यानं आपलं ऐकलं नाही, हे सुकन्याला फार लागलं होतं.

देवळासमोर शाल-नारळ झाला. सुकन्यानं माइक हातात घेऊन स्पष्ट सांगितलं, आत्या उपचारांनी बरी झाली, काढ्यानं नाही. लोक कौतुकानं हसले. शिकलेली पोर, असंच बोलायची. मसाजीही मान डोलवत होता.

तेव्हा नर्मदाबाई उठली. डोक्यावर नुकतेच बोटभर केस आले होते. तिनं डोईवरचा पदर मुद्दाम खाली घेतला.

"म्या एक घोट प्याले न्हाई," ती म्हणाली. "समद्या मायेनं आणत व्हत्या, मन मोडवंना. परसातल्या लिंबाला ओतत गेले. त्याला काही गुण आला आसंल तर जाऊन बघा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आपली पोरगी म्हणली, औशिद आजून तयार न्हाई. तिच्यावर आपणच भरवसा न्हाई ठेवला, तर कोनी ठेवावा?"

कोणाला तरी हसू फुटलं आणि मग सगळी सभाच हसली. सुकन्याला मात्र भर सभेत रडू आवरेना. प्रयोग साधला त्या दिवशीही तिला एवढा आनंद झाला नव्हता.

मसाजी कधी पुढे आला, कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"नर्मदा," तो हळूच म्हणाला, "त्या इंजेक्शनाची लई तकलीफ व्हती का गं?"

"व्हती," नर्मदाबाई म्हणाली. "उद्या मी येते संगं."