चेअरमन पायी निघाले

गावच्या दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव सकाळी घरातून पायी निघाले, तर त्यांचं वेशीपर्यंत पोचणंही मुश्कील असे. तेवढ्यात मागून एखादी मोटारसायकल यायची, शेजारी थांबायची आणि गाडीवाला मागच्या सीटवर हात मारून म्हणायचा, बसा चेअरमन. नको म्हणायची सोय नव्हती. वडीलधारा माणूस, त्यातून चेअरमन, उन्हात पायी चाललाय आणि आपण गाडीवरून पुढं निघून गेलो, हे बीडजवळच्या लिंबागणेशच्या त्या सगळ्या पट्ट्यात मोठं पाप. नको म्हटलंच, तर तो गाडी बंद करून उतरायचा आणि हात जोडून विचारायचा, आमचं काही चुकलं का? मग सुंदरराव मुकाट्यानं बसत. एकजण त्यांना संस्थेच्या दारात उतरवी, दुसरा तितक्याच प्रेमानं घरी आणून सोडी. चपलेला धूळसुद्धा लागत नसे.

आता यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. वाईट एवढंच, की सुंदररावांचं हृदय अशक्त झालं होतं आणि चालणं त्यांना औषध म्हणून सांगितलेलं होतं.

पहिल्यांदा त्यांचे पाय सुजले आणि छातीत पाणी झालं, तेव्हा त्यांना बीडला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, छबुबाईंनी, त्यांना बाजेवर निजवलं ते निजवलंच. जेवण बाजेवर, पाण्याचा तांब्या हातात, अंघोळीलाही धरून न्यायचं. बाईनं जिवाचं रान केलं. आणि एवढं करून दीडेक महिन्यात नवऱ्याच्या मांड्या वाळल्या, मोरीपर्यंत गेला तरी धाप लागायची, आणि शेवटी पुन्हा दवाखाना.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभर काय करतात हे? छबुबाई जरा अभिमानानंच म्हणाल्या, "काईच करू देत न्हाई मी. हातातला तांब्या सुदिक उचलू देत न्हाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की माणूस नुसता पडून राहिला की हातापायांची ताकद जाते, आणि मग उठून चार पावलं टाकायची म्हटली तरी त्या दुबळ्या हृदयावरच जास्त ओझं पडतं. आता तब्येत सावरली आहे, तेव्हा चालायचं. सपाट रस्त्यानं, सावकाश, चालताना बोलता येईल इतक्याच वेगानं. धाप लागली की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तडक दवाखान्यात. गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी. हृदय पहिल्यासारखं होईल असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या, पण स्वतःचं स्वतः करता येईल, आणि इथं पुन्हा पुन्हा यायची पाळी बहुधा टळेल.

बाहेर बाकड्यावर बसून छबुबाई रडल्या. आपण मायेनं ज्याला जपलं त्याला आपणच अधू केलं, असं त्यांना वाटलं. सुंदररावांनाही भरून आलं. तिसऱ्यांदा इथं आलो तर परत जाऊ की नाही, हीच एक भीती त्यांच्या डोक्यात बसली होती.

मग लोकांना सरळ सांगायचं ना, की बाबांनो, मला चालू द्या? पण नाही. गावाला त्यांनी सांगितलं होतं की पित्ताचा त्रास आहे. त्यामुळं जो तो आवळा आणि सब्जा घेऊन घरी यायचा. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेलेला. संस्थेचं दूध निम्म्यावर आलेलं. तालुक्याला खेटे घालून सुंदररावांनी जनावरांसाठी पेंड आणि पाण्याचा टँकर मिळवला होता. अशा वेळी चेअरमनचं काही खरं नाही अशी कुजबुज सुरू झाली, की सभासद खाजगी डेअरीला दूध घालणार आणि विरोधी गटाचे बबनराव खुर्चीत येऊन बसणार, असं ते छबुबाईंना पटवून द्यायचे. खरं विचाराल तर संस्था हे निमित्त. माणूस हट्टी होता. आयुष्यभर दुसऱ्यांना हात दिलेला, आता आपलाच हात कुणी धरावा, ही लाज त्यांना सोसत नव्हती.

मग त्यांनी अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारून पाहिल्या. शेजारच्या सरस्वतीबाई कुडावरून डोकावल्या आणि काय हरवलंय म्हणून स्वतःच शोधायला आल्या. शेताच्या वाटेनं निघाले, तर भेटेल तो विचारणार, कुणीकडं? आणि त्याला उत्तर तर द्यायलाच हवं. वाळल्या शेतात चेअरमनचं काय काम?

सुटका केली ती दावणीच्या तांबड्या गाईनं. घरचा गडी ज्ञानोबा बायकोपोरांसह ऊसतोडीला गेला, आणि गाईला संस्थेजवळच्या हौदावर पाणी पाजायला न्यायला कुणी उरलं नाही. छबुबाई निघाल्या होत्या, तर सुंदररावांनी दावं आपल्या हातात घेतलं. वेशीपाशी मागून मोटारसायकल आली, हळू झाली. गाडीवाल्यानं चेअरमनकडं पाहिलं, गाईकडं पाहिलं, राम राम घातला आणि निघून गेला. गाईला काय मागच्या सीटवर घेणार? दुष्काळात ज्याच्या त्याच्या हातात दावं होतं, तेव्हा कुणीकडं हेही कुणी विचारीना.

गाय भाकड आणि म्हातारी. दोन पावलं चालायची, कुठं वाळकी काडी दिसली की थांबायची. ती थांबली की सुंदररावही थांबायचे, दम खायचे आणि पुन्हा निघायचे. पहिले काही दिवस वाटेतल्या दगडावर बसावं लागलं. पुढं पुढं तो दगड कधी मागं पडायचा ते त्यांच्या ध्यानातही येईना. सकाळचं एकदा होतं ते संध्याकाळचंही जाणं सुरू झालं. आपली अंघोळ आपण करायला लागले. खाली वाकून चप्पल घालायला लागले. एकदा छबुबाईंच्या आधी उठून त्यांनी चुलीवर चहा ठेवला. तो चहा पिताना छबुबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी चूल धुरावली म्हणून चुलीला बोल लावला.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय बरंचसं तसंच आहे, पण तुम्ही तसे नाही आहात. सोडू नका.

पण गाय सुटली. कडबा संपला, आणि पल्याडच्या गावात जनावरांची चारा छावणी उघडली, तेव्हा छबुबाईंचे भाऊ मोहनराव आपल्या बैलांबरोबर तिलाही तिकडं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सुंदरराव रिकाम्या हातानं वेशीपर्यंत गेले आणि तिथून मोटारसायकलवर बसून पुढं. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा असाच गेला. एका संध्याकाळी छबुबाईंनी त्यांच्या घोट्याजवळ बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळी वाढवून मिळाली, सूज ओसरली, चालायला पुन्हा परवानगी मिळाली. घरी आल्यावर छबुबाई म्हणाल्या, "आता लोकास्नी सांगा. तुमच्यानं होत नसंल तर मी संस्थेच्या दारात हुबी ऱ्हाऊन सांगते. मला लाज न्हाई वाटत. मला तुमी पायजेत."

त्या रात्री सुंदरराव नीट जेवले नाहीत. सकाळी निघाले. वेशीच्या अलीकडंच गहिनीनाथची मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. सरळ मनाचा, संस्थेला नेमानं दूध घालणारा हा पोरगा.

"बसा चेअरमन."

"न्हाई बसत."

"कावून? काय चुकलं का आमचं?"

टँकर, संस्था, पाहुणे, सगळी निमित्तं ओठांवर तयार होती. सुंदररावांनी ती गिळली.

"गहिनी, मला पित्त न्हाई. माझं काळीज कमजोर हाय. दोनदा छातीत पाणी झालतं. डॉक्टरीणबाईनं मला चालायला लावलंय. तुमी समदे मायेनं गाडीवर बसवता अन् मी लाजंखातर बसतो. असंच चाललं तर एक दिस तुमालाच मला खांद्यावर न्यावं लागंल."

गहिनीनाथनं गाडी बंद केली. उतरला आणि गाडी ढकलत त्यांच्याबरोबर चालू लागला. मग खाली बघतच म्हणाला, "आमच्या आईला बी डॉक्टरनं त्येच सांगितलंय. रोज थोडं चालवा म्हणून. दिवाळीपस्नं ती बाजंवर हाय. आमी उठूच देत न्हाई. लोक म्हणतेत, लई सेवा करता आईची." तो चालायचा थांबला. "आमी तिचं वाटोळं करायलोय का, चेअरमन?"

सुंदररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नाही म्हणून त्याचं समाधान करणं सोपं होतं, पण बाजेवरचा तो दीड महिना त्यांनी स्वतः काढला होता. ते म्हणाले की आमच्या घरीही हेच झालं, आणि त्यात कुणाची माया खोटी नव्हती. मग संस्थेचा रस्ता सोडून ते गहिनीनाथच्या आळीकडं वळले.

गहिनीनाथची आई वच्छलाबाई ओसरीवर बाजेवर पडून होती. चेअरमन पायी आलेले बघून ती पदर सावरत उठून बसली, तर सून धावत आली आणि तिला पुन्हा निजवू लागली. गहिनीनाथनं तिला हातानं थांबवलं.

सुंदरराव पायरीपाशीच उभे राहिले. "वच्छलाबाई," ते म्हणाले, "मला त्या लिंबाच्या झाडापस्तोर चालायचंय, अन् एकट्याला लाज वाटती. जरा सोबत करता का?"

वच्छलाबाईनं सुनेकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. मग तिनं पाय खाली सोडले आणि चप्पल कुठाय म्हणून विचारलं. दिवाळीपासून सगळे तिला देतच होते. तिच्याकडं कुणीतरी काहीतरी मागत होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.