बाटली नसलेला खोकला

आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याला सगळे कानसेन म्हणत. गिऱ्हाइकाकडे बघून औषध देणं त्याला कमीपणाचं वाटे. तो कपाटाकडे तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "एकदाच खोका." खोकलात की त्याचा हात आपसूक नेमक्या बाटलीवर पडायचा. एकदा पलीकडच्या चौकात कुणी शिंकलं, तर हा दुकानातून ओरडला, "काका, गार पाण्याची आंघोळ बंद करा!" खोटं वाटत असेल तर काकांना विचारा. आता ते वारले, पण सर्दीने नाही वारले.

घसा धरला की तो सांगायचा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, साध्या सर्दीला विश्रांती, "उगाच गोळ्या गिळू नका." आजारी माणूस अंथरुणात असला तर घरच्याने त्याचा खोकला नीट ऐकून यायचं आणि दुकानात जसाच्या तसा काढून दाखवायचा. सुना सासऱ्यांचा खोकला इतका हुबेहूब काढत, की सासरे बरे झाले तरी सुनांची सवय जाईना.

एका खोकल्याला मात्र त्याच्याकडे बाटली नव्हती. पार तळातून खरवडत येणारा, शेवटी बारीक शीळ घालणारा. तो ऐकला की कानसेनचा हात अर्ध्यावर थांबायचा. "आजच्या आज इस्पितळ गाठा," एवढंच तो म्हणायचा. असं त्याने आजवर चौघांना सांगितलं. परत आले दोघंच.

त्याच्या पाठीमागे स्टुलावर बायको बसायची, पुड्या बांधत. दुकानात पंखा घरघरायचा, घड्याळ टिकटिकायचं, बायको खोकायची. रोजचंच ते. कानसेनच्या कानांनी ते केव्हाच ऐकायचं सोडून दिलं होतं.

त्या दुपारी समोरचा न्हावी आला. अख्ख्या गल्लीच्या नकला करायचा, म्हणून त्याचं नाव नकल्या.

"काय रे, आज कुणाचा आणलास?" कानसेनने कपाटाकडे बघतच विचारलं.

"एका घरातल्या बाईचा."

"कुणाच्या घरातल्या?"

"आधी ऐक तर."

नकल्या खोकला. कानसेनचा हात वर गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"किती दिवस झाले?"

"माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येतो. दोन महिने तरी झाले."

"दोन महिने! आणि आत्ता सांगतोस, गाढवा? तिच्या नवऱ्याला कान नाहीत का?"

"आहेत की," नकल्या हळूच म्हणाला. "कानांसाठीच तर तो प्रसिद्ध आहे."

पुन्हा तोच खोकला आला. तोच तळ, तीच शीळ.

"पुरे रे. एकदाच खोकायचं असतं."

"मी नाही खोकलो."

कानसेन वळला. नकल्या तोंड मिटून उभा होता. स्टुलावर बायको बसली होती, मुठीत रुमाल घट्ट धरून.

"मूठ उघड," कानसेन म्हणाला.

"अहो, पुड्या राहिल्यात अजून..."

"उघड म्हणतो ना."

तिने एकेक बोट उघडलं. नकल्याने रुमालाकडे पाहिलं आणि तो गाडी आणायला धावला.

कानसेन तिच्याकडे बघत राहिला. पाठीमागे त्याचा उजवा हात कपाट चाचपत होता. एक बाटली, दुसरी, तिसरी. कुठल्याच बाटलीवर तो थांबत नव्हता.