आण्णांच्या जागी

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि हार घालायला आण्णांचा एक धड फोटो नाही, हे घरात सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. आण्णांना, म्हणजे बिभीषणरावांना, फोटोचं वावडं. लग्नात कॅमेरा समोर आला की हा गृहस्थ पाठ फिरवून थेट आचाऱ्याकडे निघून जायचा. राहिला तो आधारकार्डावरचा. त्यात फेटा काढायला लावलेला आणि डोळे अर्धवट मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, पोलिसांनी पहाटे उठवून आणलाय. पुतण्यानं मोबाइलवर त्याचंच काहीतरी करून आणलं, तर आण्णा गोरेपान झाले आणि वर दात काढून हसायला लागले. केसरबाईंनी ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. "कोणाचा बी नवरा आणून टांगता काय माज्या घरात?" एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून धाकटा मुलगा राम आईला घेऊन उमापूरहून गेवराईला धोंडप्पांच्या स्टुडिओत आला होता. धोंडप्पा जुने फोटोग्राफर. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज हळू, पण फोटोच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

"पूर्वी खेडोपाडी हेच करायचो," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा फोटो नसला की त्याच्या तोंडावळ्याचा पोरगा बसवायचा, बापाचे कपडे घालून. सुरकुत्या अन् पांढऱ्या मिशा मी कंप्युटरवर चढवतो. नजर तेवढी चढवता येत न्हाई. ती बसणाऱ्यानंच आणायची."

तोंडावळा रामचाच होता. थोरला भारत मामांवर गेलेला. राम म्हणजे बापाचा साचा, तेच नाक आणि तीच जाड भुवई. आणि सगळ्या घरात एकट्या रामशीच आण्णांनी मरेपर्यंत अबोला धरला होता.

कारण बांधाचं. शेजारच्या म्हाळूशी तंटा तहसिलीत गेला. बांध कुणी सरकवला, असं साहेबांनी विचारलं आणि राम खरं बोलून बसला, "आमच्या आण्णांनी." रानाची पट्टी गेली, ती गेलीच. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. बापाचं नाव बिभीषण आणि घरभेदी निघाला पोरगा, असं पारावर खिदळत बोललं जाऊ लागलं. राम बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवायला निघून गेला. सुट्टीत तो घरी आला की आण्णा मुकाट जेवायचे, हात धुवायचे आणि रानाची वाट धरायचे. पुढं एक दिवस ते रानातच गेले. बापानं आपल्याला माफ केलं की नाही हे न कळताच रामनं खांदा दिला, आणि तेच त्याला वर्षभर आतून जाळत होतं.

आता तो आण्णांचा नेहरू शर्ट आणि धोतर घालून स्टुलावर बसला होता. फेटा धोंडप्पांनी बांधून दिला. फेट्याला आण्णांच्या तंबाखूचा वास अजून येत होता. केसरबाई कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. हेच ते की नाही, हे त्यांनीच सांगायचं होतं.

धोंडप्पांनी दिवे बंद करून खिडकी उघडली. "उजेड एका बाजूनं येऊ द्या. रापलेलं तोंड तेवढ्यावरच खुलतं. खांदा जरा तिरपा. हनुवटी खाली. छाती फुगवू नका मास्तर, दारावरचा शिपाई दिसताव. अन् मूठ उघडा. गडीमाणसाचा फोटो हातानं बिघडतो. कॅमेरा बघितला की मूठ वळती, अन् ती तोंडावर दिसती."

रामनं मूठ उघडली. ती पुन्हा वळली.

"हे न्हाईत," केसरबाई म्हणाल्या.

पुन्हा बसवलं, पुन्हा हनुवटी, पुन्हा खांदा.

"न्हाई. डोळे लई कडक झाले. हे असं न्हाई बघायचे."

"मग कसं बघायचे?" राम एकदम भडकला. "मला काय ठावं, माय? मला तर त्यांची पाठच दिसली! धोंडप्पा, मला न्हाई जमायचं. भारतला बसवा न्हाईतर तसाच मोकळा हार टांगा." आणि तो फेट्याला हात घालू लागला.

धोंडप्पा कॅमेऱ्याची काच पुसत बसले. मध्ये पडायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

"थांब," केसरबाई म्हणाल्या. "तहसिलीतून आले त्या दिवशी जेवले न्हाईत. मीच म्हणलं, नाक कापलं पोरानं, घराबाहेर काढा त्याला. तर म्हणले, गप बस. पोरगं खरं बोललं. माझी छाती झाली न्हाई तेवढी. मला शपथ घातली व्हती, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. तू बीडला निघालास की गाडी फाट्यावरून वळस्तोवर बाभळीआड उभं राहून बघायचे."

रामचे हात फेट्यावरून खाली आले आणि मांडीवर तसेच उघडे पडले. त्याला आईचा राग आला, बापाचा त्याहून आला, आणि एवढा राग येऊनही माया आवरेना. ही बाई हे सगळं पोटात घेऊन वर्षानुवर्षं त्याला भाकरी वाढत आली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"डोळे पुसू नका," धोंडप्पा कुजबुजले. "असंच बघा. मावशीकडंच बघा."

केसरबाईंनी वर पाहिलं. मग त्या खुर्चीतून उठल्या, कपाळावर पदर ओढला आणि खाली फरशीवर जाऊन बसल्या. नवऱ्यासमोर त्या जन्मात कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या.

"अवो," त्या फरशीकडे बघत म्हणाल्या, "पोराशी तवाच बोलायचं व्हतं की."

राम हलला नाही. माय, मी राम हाय, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

धोंडप्पांनी बटण दाबलं आणि पुढची सूचना काही दिली नाही.