आवाज तिचा नाही

मी एक जुनी वही आहे. माझं पहिलं पान जागेवर नाही, म्हणून मित्रांनो, दुसऱ्या पानापासून सांगते.

पान दुसरं. "हातमोजे फार सुंदर. खून जरा जास्त झाले." हे औषधवाल्याचं अक्षर. त्याच्या खाली: "माझ्या बायकोने डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून सगळं बघितलं." त्याच्या खाली, बायकोच्या अक्षरात: "खोटं आहे."

माझा जन्म इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातला. काळी पुठ्ठ्याची बांधणी, पानांच्या कडा लाल. फादर ओरेस्तेंनी मला मुलांच्या हजेरीसाठी विकत घेतलं होतं. मुलांची नावं माझ्यावर यायची होती, पण त्याआधी सिनेमा आला.

तो सिनेमा आमच्याच गावात काढला होता. पांढरे हातमोजे घातलेला एक देखणा माणूस चार बायकांना मारतो. आरसे, रंगीत उजेड, संगीत, असं सगळं त्यात होतं म्हणतात. मी तो कधीच पाहिला नाही. मी हॉलच्या दाराबाहेर छोट्या टेबलावर असायचे, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीशेजारी. मला सिनेमा माहीत आहे तो लोकांनी माझ्यावर लिहिला तेवढाच.

चर्चच्या दारावर दर आठवड्याला सिनेमांची यादी लागायची. याच्या नावापुढे लिहिलं होतं: वर्ज्य. हॉल चर्चचा. फादर अडून बसले.

"फादर, अख्खं गाव आहे त्यात," सिनेमाचं यंत्र चालवणारा ग्वेर्रीनो म्हणाला. "न्हाव्याची पाठ दिसते. तुम्ही नाही दाखवलात तर लोक कम्युनिस्टांच्या हॉलमध्ये जाऊन बघतील."

फादर म्हणाले, "दाखव. पण बाहेर पडताना प्रत्येकाने मत लिहायचं. वरून, बिशपांकडून कोणी विचारलं तर सांगता येईल, लोकांनी नुसतं पाहिलं नाही, विचार केला."

अशी मी मतांची वही झाले.

तिसरी बाई मरते ती आमची नोएमी. नोएमी आणि तिची थोरली बहीण देर्ना चौकात अंड्याच्या ताज्या शेवयांचं दुकान चालवायच्या. संगमरवरी जिन्यावर हिरव्या झग्यातली एक मुलगी हवी होती, झगा नोएमीला बसला, तिला घेतलं. चाळीस सेकंद. तेव्हा आमच्याकडे शूटिंगच्या वेळचा आवाज फक्त कामचलाऊ टेपवर घ्यायचे. खरे आवाज नंतर रोममध्ये दुसरेच लोक भरायचे.

त्या पहिल्या रविवारी आतून किंकाळी आली. बारीक, काचेसारखी. आणि अख्खा हॉल हसत सुटला. कारण नोएमीचा आवाज घोगरा होता, पिठाचं पोतं फरशीवरून ओढल्यासारखा.

"नोएमी, मरताना आवाज सुधारला गं तुझा!" बाहेर येताना ग्वेर्रीनो ओरडला.

"मेल्यावर सगळेच सुधारतात. तूही मरून बघ."

लोकांनी ढकलून तिला पुढे केलं. माझ्यावरचं पहिलं मत तिने लिहिलं. पिठाचा अंगठा पानावर उमटला.

सात वर्षांनी, जानेवारीत, ती छातीच्या आजाराने गेली. दफनानंतर देर्ना आली, मला उघडलं, पहिलं पान फाडलं. दुखलं. पण तिला थांबवावं असं मला वाटलं नाही. त्या घरात नोएमीचं दुसरं अक्षर नव्हतं.

तेव्हापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीनला, फादर तो सिनेमा लावायचे. त्या दिवसांत गाव गेलेल्या माणसांसाठी कबरस्तानात शेवंतीची फुलं घेऊन जातं. देर्ना तिथूनच यायची, हातांना शेवंतीचा वास. चाळीस सेकंद बहीण बघायची आणि माझ्यावर दरवर्षी एकच वाक्य लिहायची.

आवाज तिचा नाही.

आवाज तिचा नाही.

आवाज तिचा नाही.

एकदा कोणीतरी खाली लिहिलं, "बाई, सिनेमा बघायला या, रेडिओ ऐकायला नको." पुढच्या वर्षी देर्नाचं तेच वाक्य, जरा मोठ्या अक्षरात.

हळूहळू लांबून रसिक येऊ लागले. मोठ्या शहरांतले, गळ्यात मफलर घातलेले. मी तेव्हा फार मानाची होते. लोक मला दोन्ही हातांनी धरायचे. तिसऱ्या खुनावर त्यांनी पानंच्या पानं भरली. एकाने लिहिलं, "पडद्यावरचा सर्वांत सुंदर मृत्यू."

देर्नाने ते वाचलं. "सुंदर म्हणजे काय रे, ग्वेर्रीनो? तिला जायला तीन महिने लागले."

ग्वेर्रीनो पेन्सिलीला टोक काढत राहिला. टोक आधीच होतं.

पुढे फादर गेले. हॉलचं छप्पर गळू लागलं, दाराला कुलूप लागलं. मला यंत्राच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. अकरा वर्षं मी तो पाय सावरला. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. पान त्रेसष्टवर म्हणूनच आता एवढंच आहे: "खुनी कोण हे मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं होतं, तो म्हणजे"

त्या अकरा वर्षांत नोव्हेंबरचा रविवार येत होता आणि सिनेमा लागत नव्हता.

मग तामारा नावाची तरुण दिग्दर्शिका आली. ती तोच सिनेमा नव्याने काढणार होती. टेबल हलवताना तिला मी सापडले. जमिनीवर बसून तिने मला सबंध वाचलं. शेवटी ग्वेर्रीनोला विचारलं, "हे एकच वाक्य सतरा वेळा कोणी लिहिलंय?"

दोघं मला घेऊन देर्नाच्या स्वयंपाकघरात गेली. देर्ना पीठ लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"पुन्हा मारणार तिला?"

"हो," तामारा म्हणाली. "दुसरी मुलगी असेल."

"मग माझ्याकडे काय काम?"

"आवाज तिचा नाही, असं लिहिलंय तुम्ही. मग कसा होता?"

लाटणं थांबलं. देर्नाने तोंड उघडलं, काहीतरी नक्कल करायला गेली, आणि तसंच मिटलं.

"नाही गं आठवत," ती म्हणाली. "घोगरा होता, हे शब्द आठवतात. आवाज नाही आठवत. चेहरा दरवर्षी बघत होते, म्हणून राहिला. आवाज कुठे बघू?"

तिने पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला कागद काढला. माझं पहिलं पान. तामाराने ते दोनदा वाचलं.

"हे कापलं, म्हणजे आधी टेपवर होतं," ती म्हणाली. "रोमला गोदामात जुने डबे आहेत. मी शोधते."

"मिळालं नाही तर येऊ नकोस," देर्ना म्हणाली. "आशा लावून ठेवू नकोस."

दोन वर्षं तामारा आली नाही.

मग छप्पर दुरुस्त झालं, हॉल उघडला, नवा सिनेमा लागला. नोव्हेंबरचा पहिला रविवार, दुपारी तीन. मला पुसून पुन्हा टेबलावर ठेवलं. मतं अशी:

"जुन्यात रंग होते, यात नुसता चिखल."

"हातमोजे कुठे गेले?"

"अर्धा तास जास्त. खून कमी."

"सगळंच वाईट नाही. पण तिसऱ्या बाईच्या वेळी पडदा काळा होतो आणि मध्येच कोणीतरी घोगरं हसतं. ही चूक कोणाच्या लक्षात कशी आली नाही?"

ते हसू मीही ऐकलं, दारातून. पिठाचं पोतं फरशीवरून ओढल्यासारखं. मग तोच आवाज म्हणाला, "परत ओरडू का?" आत कोणीतरी कुजबुजलं, "आवाजाचा घोळ झालाय." ग्वेर्रीनो म्हणाला, "गप्प बस."

देर्ना सर्वांत शेवटी बाहेर आली. एक्क्याऐंशी वर्षांची, भिंत धरून. ग्वेर्रीनोने पेन्सिल पुढे केली.

"देर्नाबाई, यंदा नाही लिहायचं?"

"यंदा तक्रार नाही."

तिने पर्स उघडली, पानाचं ते प्लास्टिकचं पाकीट माझ्यावर ठेवलं आणि शेवंतीच्या वासासकट धुक्यात निघून गेली. पहिल्या पानाची जागा झिजली होती, तिथे डिंक धरेना. म्हणून ग्वेर्रीनोने ते पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलं.

मित्रांनो, माझी अजून चार पानं कोरी आहेत. जुना चांगला की नवा, ते खुशाल लिहा. त्यासाठीच मी आहे. पण पडद्यावर जी पडते, तिचं नाव आधी कोणाला तरी विचारा. आणि वही टेबलाखाली घालू नका, तिच्यात कोणाचं तरी अक्षर असतं.

माझं पहिलं पान आता शेवटी आहे. ते असं:

"सिनेमा छान. किंकाळी माझी नाही. मी ओरडले आणि मला हसू आलं, ते यांनी कापलं. देर्ना म्हणते, तेवढंच खरं होतं. — नोएमी"