साठच्या पुढे

गाडी शिकवण्यात मास्तरांची हयात गेली. गावातले निम्मे लोक त्यांच्याच शेजारी बसून क्लच सोडायला शिकले, आणि उरलेल्या निम्म्यांचं ड्रायव्हिंग बघून मास्तर कपाळाला हात लावत. वय झालं तसे वर्ग बंद केले, पण शिकवण्याची गाडी त्यांनी विकली नाही. तिला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याने भलतंच काही करायला घेतलं की मास्तरांनी तो दाबायचा. पुढे त्या सीटवर त्यांची बायको बसू लागली. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण ब्रेक मात्र झकास दाबता यायचा. मास्तर ओव्हरटेक करायला निघाले की तिने पाय दिलाच म्हणून समजा. गाडी गचका खायची, मागचे हॉर्न वाजवायचे आणि पुढे दोघांची जुंपायची. ती गेल्यापासून त्या गाडीने एकदाही गचका खाल्ला नव्हता.

फाटकातून गाडी आत घेताना एकदा मास्तरांनी दरवाजा खांबाला घासला. एवढंसं ते खरचटणं, पण शेजारणीने फोटो काढून दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीला पाठवला. झालं! आठवड्याच्या आत एक माणूस येऊन स्टिअरिंगखाली काळी डबी बसवून गेला. गाडी साठच्या पुढे गेली की ती डबी टीं टीं करणार आणि लेकीच्या मोबाइलवर मेसेज जाणार.

मास्तरांना ते फार लागलं. ते तडक पान्याच्या गॅरेजात गेले. पाना म्हणजे गॅरेजवाला, मास्तरांचाच जुना विद्यार्थी. हातात कायम पाना असायचा, म्हणून नावच पडलं.

"अरे, सगळ्या गावाला मी ब्रेक दाबायला शिकवला आणि आता माझ्या मानगुटीवर ही डबी?"

"ताईंना काळजी वाटते, मास्तर."

"काळजी वाटते तर फोन करावा!"

फोन रविवारी यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. मास्तर काही सांगायला तोंड उघडेपर्यंत संपलेलासुद्धा असायचा.

मग एका दुपारी गावाबाहेरच्या रस्त्यावर, रखडणाऱ्या ट्रकला मागे टाकताना काटा सत्तरच्या पुढे गेला. डबी किंचाळली. पाठोपाठ फोन वाजला. मास्तरांनी शिस्तीत गाडी कडेला घेतली, मगच उचलला.

"बाबा, कुठे आग लागलीये का? एवढ्या जोरात?"

"ट्रक होता पुढे."

"ट्रक असला तर असू दे. तुम्हाला कुठे ऑफिस गाठायचंय?"

लेक बोलत राहिली. रागावली, मग रडवेली झाली, मग पुन्हा रागावली. अगदी आईसारखी भांडत होती. मास्तरांनी तोंडदेखली हुज्जत घातली, पण फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ गाडीतच बसून राहिले. त्यांना बरं वाटत होतं. घरी येताना ते चक्क शीळ घालत होते.

त्यानंतर मास्तरांना वेगाची चटक लागली, असं लेकीला वाटलं. खरं तर वेगाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. जुन्या गिरणीमागचा सरळ रस्ता रिकामा आहे ना, हे ते आधी बघून घेत. लेकीची जेवणाची सुट्टी झाली असेल असा अंदाज बांधत. मग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबत, डबीला ओरडू देत आणि निमूट कडेला येऊन फोनची वाट बघत. भांडणाचे मुद्दे आदल्या दिवशीच काढून ठेवलेले असत.

"माझी गाडी, माझा पाय. किती दाबायचा ते मी ठरवणार. माणसाला तेवढंही स्वातंत्र्य नाही?"

"रस्त्यावर तुम्ही एकटेच असता का, बाबा?"

रस्त्यावर नाही, घरी असतो, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, "उद्या म्हणशील, चालायलाही डबी लाव." आणि भांडण आणखी थोडं लांबलं.

एवढं सुरेख भांडायला नको होतं. लेकीला ते सगळं खरंच वाटलं.

एका दुपारी गिरणीमागे मास्तरांनी पाय दाबला, तर काटा साठवर जाऊन चिकटला. त्यांनी पाय पार तळाला टेकवला. इंजिन आपल्या त्याच सुरात चालू, डबी गप्प, फोनही गप्प. शेवटी त्यांनीच फोन लावला.

"हो बाबा, मीच लॉक करायला सांगितलं. आता साठच्या पुढे जाणारच नाही. माझा जीव टांगणीला लागायचा हो, सारखं लक्ष फोनकडे. आता काळजी मिटली."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले.

"जेवलात ना? गोळ्या घेतल्या? बरं, ठेवते."

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. लेकीची काळजी खरंच मिटली होती. मास्तर मात्र फोन उशाशी, न्हाणीघरात, सगळीकडे घेऊन फिरत होते. अखेर ते गाडी घेऊन पान्याकडे गेले.

"डबीची वायर काप."

"मास्तर, तुमचं स्वातंत्र्य वगैरे ठीक आहे. पण वायर कापली की लगेच मेसेज जातो. ताई फोन करतील, आरडाओरडा होईल."

"काप."

पान्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मास्तर, तुम्हाला जोरात जायचंय ना नक्की?"

"काप म्हटलं ना!"

पान्याने पक्कड घेतली आणि वायर तोडली. मास्तर शेजारच्या सीटवर जाऊन बसले, फोन मांडीवर ठेवून. सवयीने पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर गेला. थोड्याच वेळात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"नमस्कार सर, डबीच्या कंपनीतून बोलतेय. आपल्या गाडीचा संपर्क तुटलाय. आपण सुखरूप आहात ना?" मुलगी लेकीपेक्षाही लहान वाटत होती.

"मी ठीक आहे. पण हे मेसेज माझ्या मुलीला जातात."

"आधी जायचे, सर. मॅडमनी आता मोठी योजना घेतलीये. सगळे मेसेज आम्हीच बघतो, त्यांना त्रास नको म्हणून."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, कारण काय नोंदवू? तांत्रिक बिघाड की चालकाची चूक?"

"दोन्हींत फरक काय?"

"बिघाड असेल तर आम्ही परस्पर दुरुस्त करतो. चालकाची चूक असेल तर मात्र मॅडमना कळवावं लागतं."

सगळ्या हयातीत मास्तरांच्या नावावर कुणी एकही चूक लावली नव्हती. एकदा तर त्यांनी वाहतूक पोलिसालाच गाडी कडेला लावायला शिकवलं होतं. गावाला तो किस्सा पाठ होता.

"चूक लिहा," मास्तर म्हणाले. "चालकाची. माझीच चूक."

"कळवते, सर. दिवस छान जावो."

पान्याने हात पुसले आणि तो उगाच एक टायर न्याहाळत बसला. मास्तरांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. पाय अजून ब्रेकवरच होता. फोन वाजला नाही, नुसता थरथरला. लेकीचा मेसेज होता. मास्तरांनी चष्मा लावून तो वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

'बाबा, काही हरकत नाही. उद्या माणूस पाठवते.'

"काय म्हणतात ताई?" पान्याने विचारलं.

"उद्या माणूस येणार आहे म्हणे, डबी नीट करायला." मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "येऊ दे. त्याला घरीच बोलावतो. चहा घ्यायला तरी बसेल थोडा वेळ."