मोरपंखी भोपळा

हॅलोविनच्या दिवशी ब्लेअरने दारात मोरपंखी रंगाचे भोपळे मांडले. एक नाही, अकरा. दारातला मोरपंखी भोपळा ही खरं तर साधी खूण: ॲलर्जीवाल्या पोरांनाही चालेल असं काहीतरी या घरी मिळेल. बाकीचे लोक एक भोपळा रंगवतात आणि आपल्या कामाला लागतात. पण ब्लेअरचं पुण्य एका भोपळ्यात कधी मावलंय?

समोरच्या घरातून लॉर्ना प्रुइट पडदा बाजूला करून बघत होती. एकतीस वर्षं तिने शाळेच्या भोजनगृहात शेकडो पोरांना जेवू घातलं होतं, आणि आता सत्तरीला टेकल्यावर तिला एकच करमणूक उरली होती: समोरच्या बाईचा तिटकारा करणं.

"अकरा मोजले," ती स्वतःशीच म्हणाली. "बारावा हिच्या मानेवर आहे."

भोपळ्यांच्या मागे पाटी होती. 'व्हीगन. सुरक्षित. सगळ्यांसाठी. प्रेमाने.' मागच्या वर्षी हीच बाई पोरांना वाळवलेले बीटचे काप वाटत होती आणि पोरं ते पुढच्याच कुंपणात टाकून जात होती. नाकाने कांदे सोलणारी माणसं लॉर्नाने आयुष्यभर पाहिली होती. पण या बाईने पोतंच सोलायला घेतलं होतं.

हे सगळं एरवी हसून सोडून देता आलं असतं. पण मध्ये रेन होती.

रेन लॉर्नाची नात, सात वर्षांची. तिला दूध चालत नाही आणि काजू, बदाम, अक्रोड, असला कुठलाही सुकामेवा चालत नाही. हॅलोविनला ती बाकीच्या पोरांसारखी सोंग घेऊन गल्लीभर दारोदार खाऊ गोळा करत फिरायची, घरी येऊन पिशवी टेबलावर उलटी करायची, आणि तिची आई, म्हणजे जोडी, त्यातला पाऊण ढीग उचलून न्यायची. बाकीची पोरं दारातच तोंडात टाकतात. रेनने आजवर कुणाच्या दारात उभं राहून एक गोळीसुद्धा खाल्ली नव्हती. आणि तीन आठवड्यांपूर्वी शाळेच्या बसथांब्यावर ब्लेअरबाई तिला म्हणाल्या होत्या, "रेन, माझ्या घरचं तू डोळे मिटून खायचं." तेव्हापासून पोरीच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. दारातच खाणार. पायरीवर. सगळ्यांसारखी.

म्हणून दुपारी तीनला लॉर्ना रस्ता ओलांडून गेली. हातात स्वस्त दुकानातली आंबट गोळ्यांची पिशवी होती. साखर, आंबट आणि रंग, बस. ना दूध, ना सुकामेवा, ना हाडांपासून काढलेलं जिलेटिन. जन्मापासून व्हीगन असलेल्या गोळ्या, पण त्यांच्या पाकिटाने त्याचा कधी गाजावाजा केला नव्हता.

ब्लेअरने पिशवी दोन बोटांत धरली. "किती गोड आहात हो लॉर्ना! पण यातले रंग... असू दे, ठेवते हं आत."

"ठेव. आणि तू वाटणार आहेस त्या चॉकलेटचं पाकीट दाखव जरा."

"पाकिटं कुठली आता! सगळी फोडली मी. ते प्लास्टिक किती घाण दिसतं! हे बघा, एकेक चॉकलेट कागदात, वर सुती रिबीन. चार रात्री बसले होते."

"मग आत काय आहे ते कळणार कसं?"

"अहो, व्हीगन आहे! दूध नाही, अंडं नाही, काहीच नाही. सगळ्यांना चालतं."

"काजू काय गाईच्या पोटी येतात? तेही व्हीगनच असतात."

ब्लेअर खळखळून हसली आणि तिने लॉर्नाच्या दंडावर हात ठेवला. "तुम्ही ना, फार काळजी करता. प्रेमानं केलंय हो सगळं. काही होत नाही."

लॉर्ना वळली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती, म्हणून ब्लेअरचा डबा रस्त्याच्या कडेलाच होता. लॉर्नाने भरदिवसा, कुणाची भीडभाड न ठेवता, कोपरापर्यंत हात घातला. दुसऱ्याच मुठीत पाकीट आलं. कोको, नारळाची साखर, आणि तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरांत: काजूचं लोणी.

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला.

तेव्हाच परत जाऊन दार वाजवता आलं असतं. पण मग बघायला कोण होतं? संध्याकाळी अख्खी गल्ली त्या पायरीपाशी जमणार होती. गल्लीत सुकामेवा न चालणारी एकटी रेनच, आणि रेनचा हात लॉर्नाच्याच हातात असणार, म्हणजे धोका काही नव्हता. तिने पाकिटाची घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली. रेनला ती काही बोलली नाही.

सहाला दोघी निघाल्या. रेन बर्फ उपसायची गाडी झाली होती. पोटाभोवती खोकं, पुढे चंदेरी रंगाचं पुठ्ठ्याचं पातं, आणि ते प्रत्येक दाराला आपटत होतं. बाकीची घरं तिने घाईघाईने उरकली. ब्लेअरच्या पायरीशी आठ-दहा पोरं, त्यांचे आईबाप, आणि ब्लेअरचा नवरा मोबाइल वर धरून.

"आली माझी रेन!" ब्लेअरने तिच्या हातात पुरचुंडी ठेवली. "घे, राणी. डोळे मिटून."

लॉर्नाचा हात खिशात गेला. तीन तास जपलेलं वाक्य ओठांवर आलं.

रेनने रिबीन सोडली. कागद उलटा केला, सुलटा केला. "याचं पाकीट दाखवता?"

"पाकीट नाही, पिल्लू. माझ्यावर विश्वास ठेव. प्रेमानं केलंय मी."

"माझ्या आजीनं पण बिस्किटं प्रेमानंच केली होती," रेन म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी तीन वर्षांची होते. आजी म्हणाली, एवढ्याशानं काही होत नाही. मग मला ॲम्ब्युलन्समधून नेलं." तिने पुरचुंडी पुन्हा बांधली आणि ब्लेअरच्या टोपलीत परत ठेवली.

सगळे लॉर्नाकडे बघायला लागले. तिला हवी होती तेवढी माणसं जमलेली होती.

त्या बिस्किटांबद्दल घरात चार वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. रेनच्या आईनेही नाही. ॲलर्जी म्हणजे हल्लीच्या आयांची थेरं, असं तेव्हा लॉर्ना भोजनगृहात सगळ्यांना ठासून सांगत असे. अक्रोड तिने मुद्दाम बारीक कुटून घातले होते, कळू नये म्हणून.

तिने पाकीट काढून ब्लेअरच्या हातात दिलं. जपलेलं वाक्य काही आलं नाही. "तिसरी ओळ वाच," ती हळूच म्हणाली. "मीही कधी वाचत नव्हते."

ब्लेअरने वाचलं. तिचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याला मोबाइल खाली करायला सांगितलं, टोपली उचलून आत नेली, आणि ती स्वस्त दुकानातली पिशवी घेऊन बाहेर आली. रेनने पिशवीच्या मागे छापलेल्या प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवलं.

"हे चालतं," ती म्हणाली. तिथेच पायरीवर उभी राहून तिने गोळी तोंडात टाकली आणि आंबटाने एक डोळा मिटला.

फाटकाबाहेर आल्यावर ती थांबली. गोळी तिने एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"आजी, ते पाकीट तुझ्या खिशात कधीपासून होतं?"

लॉर्नाला खोटं बोलता आलं असतं. "तीनपासून," ती म्हणाली.

 रेनने आपला हात सोडवून घेतला आणि पातं सावरत पुढच्या दाराकडे एकटीच गेली.