चेंगोची पाळी

कडी वाजली. एकदाच, हलकेच, ओळखीचं माणूस वाजवतं तशी. न्येवूने अर्धा खोवलेला नारळ तसाच ठेवला, बोटांना चिकटलेला कीस झटकला आणि दार ओढलं.

दारात शेजारची ताबू उभी होती. ठेवणीतला छापील लेसो नेसलेली. तिच्या पुढ्यात चेंगो, चार वर्षांचा. इस्त्रीचा सदरा आणि कपाळावर एवढं खोबरेल की ते उन्हात चमकत होतं.

"एवढ्या सकाळी?"

"मग काय, रांग लागल्यावर येऊ?" ताबू हसली. "आज चेंगोची पाळी ना. म्हटलं, घासूनपुसून आणावा. सुई टोचणाऱ्या बाईला मानेवरचा मळ नको दिसायला."

"कसली पाळी?"

"अगं, लशीची! काल दारोदार कोण सांगत फिरत होतं? हिवतापाची लस गुणाची निघाली, उद्या डॉक्टरीणबाई येऊन सगळं सांगणार. उमाझीच्या आई, पोरीनं झोपू दिलं नाही वाटतं रात्रभर?"

न्येवूचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला.

मालिंदीच्या रस्त्यावरच्या संशोधन केंद्रात ती कामाला होती. डॉक्टरांचं बोलणं गावाच्या बोलण्यात आणायचं, एवढंच तिचं काम. तीन वर्षांपूर्वी काजूच्या झाडाखाली तिने बायांना सांगितलं होतं, की गावातल्या अर्ध्या बाळांना नवी लस मिळेल, अर्ध्यांना दुसरीच एक, आणि कुणाला कोणती ते चिठ्ठीवर ठरेल. डॉक्टरांनाही ते कळणार नाही. बायांचे चेहरे कोरेच राहिले. तेव्हा तिला एकदम सुचलं होतं. "आपली सावड असते ना, एकमेकींची शेतं खणायची, तिच्यात चिठ्ठी काढतो, तशीच."

सगळ्या माना डोलल्या होत्या. केंद्रातल्या डॉ. नेकेसांनी तर तो दाखला तिच्याकडून समजून घेऊन वहीत उतरवला होता.

पण सावडीतली चिठ्ठी कुणाचं शेत खणायचं हे ठरवत नाही, कुणाचं आधी एवढंच ठरवते. शेवटी नाव निघालेल्या बाईचं शेतही पावसाआधी सगळ्या मिळून खणतातच. न्येवू लग्न होऊन आल्यापासून सावडीला जात होती. तरी हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली.

"बसायला नाही आले बाई."

"ये गं. बस."

चुलीपाशी उमाझी चहात वडा बुडवत बसली होती. चेंगो तिच्याशेजारी टेकला. गेल्या पावसाळ्यात त्याचा ताप डोक्यात गेला, आकड्या आल्या, तेव्हापासून त्याला कमी ऐकू यायचं. उमाझीने त्याच्या समोर तोंड नेऊन विचारलं, "हवाय?" आणि उत्तराची वाट न पाहता वडा त्याच्या हातात दिला.

न्येवू खाली बघून बोलली. "ताबू, पाळी नाहीये. ती सावडीसारखी चिठ्ठी नव्हती. काल केंद्रातून यादी आली. चेंगोला दुसरी लस मिळाली होती. आणि नवी आता त्याला देणार नाहीत. ती तान्ह्यांनाच देतात. तो मोठा झालाय."

"तू सावड म्हणालीस."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर म्हणालीस. ह्याला ताप आला तेव्हा मी ओळखलं, आपली राहिलीय. नऊ दिवस दवाखान्यात ह्याचा हात धरून काय म्हणत होते ठाऊक आहे? धीर धर पोरा, आपली पाळी यायचीय अजून."

"चूक माझी," न्येवू म्हणाली. "डॉक्टरांची नाही."

"आणि दुसरी ती कशाची होती?"

"पिसाळलेलं कुत्रं चावलं तर कामाला येते."

ताबू हसली, पण ते हसू नव्हतं. "इथली कुत्री उपाशी. माणूस दिसला तरी पळतात." मग चुलीकडे बघत तिने विचारलं, "तुझी?"

"तिला नवी मिळाली."

चुलीतलं लाकूड खाली सरकलं. दोघींपैकी कुणीच ते वर ढकललं नाही.

"मग आमच्या पोरांना न देऊन मिळवलंत काय?"

या वेळी न्येवूने कशाचाच दाखला दिला नाही. "सगळ्यांना दिली असती तर ताप लशीनं कमी झाला, की त्या वर्षी डासच कमी होते, ते कळलं नसतं. तुमची मुलं शेजारी होती म्हणून कळलं."

ताबूने चेंगोच्या सदऱ्यावर पडलेला तुकडा टिपला, त्याला उठवलं आणि ती निघून गेली.

दहाच्या सुमाराला काजूच्या झाडाखाली गाव जमलं. डॉ. नेकेसांनी तक्ता टांगला. न्येवू बोलायला उभी राहिली आणि तिने समोर पाहिलं. चार-चार वर्षांची पोरं आयांच्या मांडीवर बसली होती, आणि एकेकाचं कपाळ तेलाने चमकत होतं.

तिने सगळं सांगितलं. सावडीचा दाखला चुकीचा होता, हेही.

"म्हणजे तीन वर्षं टोपी घातलीत आम्हाला," कित्साव आजोबा काठी आपटत म्हणाले.

"तिच्या पोरीला कोणती मिळाली ते विचारा!" मागून एक बाई ओरडली.

"नवी मिळाली. मला सकाळीच सांगितलंय तिनं."

माना वळल्या. ताबू सगळ्यांच्या मागे उभी होती. लेसो तोच, ठेवणीतला. चेंगो तिच्या गुडघ्याला टेकून होता.

"आजोबा, तुमच्या घरावरच्या नव्या झावळ्या पाऊस अडवतात म्हणून सांगत असता. कशावरून?"

"कशावरून म्हणजे? शेजारी काझुंगूचं जुनं छप्पर गळलं की धो-धो."

"ते नसतं गळलं तर?"

आजोबा घुटमळले. "तर म्हटलं असतं, यंदा पाऊसच कमी."

"तेच झालंय. तिची उमाझी नव्या छपराखाली होती, माझा चेंगो गळक्या. दोघांवर पाऊस तोच." तिचा हात पोराच्या डोक्यावर गेला. "ही सकाळी माझ्याशी खरं बोलली, म्हणून मी इथं आले. नाहीतर दारही उघडलं नसतं. पण उमाझीच्या आई, त्या डॉक्टरीणबाईंना सांग, नुसते आकडे नका लिहू म्हणावं. गळक्या छपराखाली कोण कोण बसलं होतं, तेही लिहा."

डॉ. नेकेसा नैरोबीकडच्या, त्यांना इथलं बोलणं उमगत नसे. त्यांनी न्येवूकडे पाहिलं. न्येवूने शब्दाला शब्द सांगितला. स्वतःचं काही घातलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "पोराचं नाव कसं लिहायचं, विचार तिला," त्या हळूच म्हणाल्या.

हळूहळू आवाज खाली आले. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई पुढे सरकली. "ह्याला कधी द्यायची मग? आणि नीट सांग बाई, आधी काही कळलं नाही म्हणून पुन्हा विचारतेय." न्येवू सांगू लागली. सावकाश, एकेक गोष्ट, आणि जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणत.

परतताना उमाझी तिच्या बोटाला धरून चालत होती. पुढे, थोड्या अंतरावर, ताबू आणि चेंगो. ताबूने मागे वळून पाहिलं नाही, पण पावलंही भराभर टाकली नाहीत.

"आई, आपलं छप्पर नवं होतं ना?"

"हं."

उमाझी थांबली. तिने आईचं बोट सोडलं आणि समोर जाऊन, चेंगोशी बोलताना उभी राहायची तशी, तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"मग पाऊस येत होता, तेव्हा चेंगोला आत का नाही बोलावलंस?"